एकच वार असलेली जुळी आणि सोनोग्राफी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळी आहेत म्हटल्यावर घरचे विचारतात, "दोघं एकसारखी का?" सोनोग्राफी करणारा मात्र त्या वेळी वेगळंच शोधत असतो : वार (प्लासेंटा, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव) एक आहे की दोन. पुढचे पाच-सहा महिने तपासण्या किती वेळा होणार, कशासाठी होणार, प्रसूती कधी होणार, हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं. एकच वार असल्याचं कळल्यावर आई-बाबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

एकसारखी जुळी म्हणजे वार एकच असणार ना?

तसं नाही. एकाच फलित बीजाचे दोन भाग झाले की एकसारखी जुळी होतात, पण हे भाग केव्हा पडले यावर बाकीचं अवलंबून असतं. पहिल्या तीनेक दिवसांत पडले तर दोघांची वार वेगळी, पाण्याची पिशवीही वेगळी. चौथ्या ते आठव्या दिवसादरम्यान पडले तर वार एक, पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला तर वारही एक आणि पिशवीही एक. तेराव्या दिवसानंतर भाग पडू लागले तर ते पूर्ण वेगळे होत नाहीत आणि बाळं शरीराने जोडलेली राहतात.

एकसारख्या जुळ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून थोड्या जास्त जोड्यांची वार एकच असते. उरलेल्या एकसारख्या जुळ्यांना आम्ही दोन वारांच्या इतर जुळ्यांसारखंच सांभाळतो, कारण धोका चेहऱ्याच्या सारखेपणात नसून सामाईक वारेत असतो. या वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि तेही जवळजवळ प्रत्येक जोडीत. म्हणजे दोघांचं रक्त गर्भारपणभर इकडून तिकडे जात-येत असतं. बहुतेक जोड्यांत ही देवाणघेवाण बरोबरीची राहते आणि कुणाला काही होत नाही. ती बरोबरी बिघडली तर ते लवकर दिसावं, एवढ्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

वार एक की दोन, हे कधी आणि कसं कळतं?

सर्वांत भरवशाची वेळ म्हणजे ११ ते १४ आठवडे, एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणाऱ्या सोनोग्राफीची) वेळ. त्याच्याही आधी, सातव्या ते नवव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली असेल तर काम आणखी सोपं असतं : गर्भाच्या दोन वेगळ्या बाहेरच्या पिशव्या (आतल्या पाण्याच्या पिशव्या नव्हेत) दिसल्या तर वारा दोन, एकाच बाहेरच्या पिशवीत दोन बाळं दिसली तर वार एक.

एनटी स्कॅनमध्ये आम्ही दोन बाळांमधला पडदा पाहतो. खरं तर पडद्यापेक्षा तो वारेला जिथे टेकतो ती जागा महत्त्वाची. वारा दोन असतील तर त्या जागी वारेचा जाडसर त्रिकोणी तुकडा पडद्याच्या दोन थरांमध्ये वर घुसलेला दिसतो. याला लॅम्डा खूण म्हणतात. वार एक असेल तर पडदा पातळ, केसासारखा असतो आणि वारेला थेट काटकोनात येऊन मिळतो. ही टी खूण. पातळ का, तर दोन वारांच्या पडद्यात चार थर असतात आणि एका वारेच्या पडद्यात दोनच.

नुसत्या वारा मोजून चालत नाही. दोन वेगळ्या वारा शेजारी रुजून एकमेकींना चिकटल्या तर एकच मोठी वार असल्यासारखं वाटतं. क्वचित एकच वार दोन तुकड्यांत पसरलेली असते आणि दोन असल्यासारखी दिसते. म्हणून टेकण्याची जागा नीट दिसेपर्यंत प्रोब फिरवत राहायचं, आणि तिचा फोटो काढून रिपोर्टला जोडायचा. माझ्या मते तो फोटो नसेल तर मागून घ्यायला अजिबात संकोच करू नये. पुढे डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी तो पुरावा सोबत राहतो.

आम्ही वीस आठवड्यांनी पहिल्यांदा आलो. आता कळेल का?

कदाचित. गर्भ वाढत जातो तशी लॅम्डा खूण पुसट होते आणि काही जोड्यांत तर दिसेनाशी होते. लॅम्डा स्पष्ट दिसली तर वारा दोनच, हे तेव्हाही खरं असतं. ती दिसली नाही तर मात्र वार एक आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. नियम सोपा आहे : शंका उरली तर वार एकच आहे असं धरून चालायचं आणि त्याच वेळापत्रकाने तपासायचं. चार सोनोग्राफ्या जास्त झाल्या तरी बिघडत नाही.

दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी? खरंच इतकी गरज आहे का?

आहे. हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन वारांच्या जुळ्यांना विसाव्या आठवड्यानंतर साधारण चार आठवड्यांनी एक तपासणी पुरते. एका वारेच्या जुळ्यांना सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी बोलावतात, आणि हे जगभर असंच चालतं. कारण आजाराच्या वेगात आहे. रक्ताची ही बरोबरी बिघडून होणारा टीटीटीएस नावाचा जो सर्वांत महत्त्वाचा आजार आहे, तो बहुतेक वेळा १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान डोकं वर काढतो आणि एकदा सुरू झाला की काही दिवसांत पुढच्या टप्प्यावर जाऊ शकतो. सोळाव्या आठवड्यात सगळं छान होतं म्हणून विसाव्याला या, असं म्हटलं तर मधल्या काळात सुरुवात होऊन बाळ हाताबाहेर गेलेलं असू शकतं.

दुसरं म्हणजे यावर उपचार आहे, आणि तो वेळेत केला तरच उपयोगी पडतो. ज्या आजारावर काही करता येत नाही तो आठवडाभर आधी कळून फार फरक पडत नाही. इथे पडतो.

"मागच्या वेळी सगळं नॉर्मल होतं, या वेळची राहू दे," असं बऱ्याच घरांत होतं. प्रवास लांबचा असतो, रजा संपलेली असते, कळतं सगळं. पण नॉर्मल रिपोर्टची मुदत इथे दोनच आठवडे असते.

इतक्या सोनोग्राफ्यांनी बाळांना अपाय होत नाही का?

सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग त्यात नसतो. वैद्यकीय कारणासाठी, गरजेपुरत्या वेळात आणि गरजेपुरत्या ताकदीवर केलेल्या सोनोग्राफीमुळे बाळांना इजा झाल्याचं दिसलेलं नाही. रक्तप्रवाह मोजणाऱ्या डॉपलरला थोडी जास्त ऊर्जा लागते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ते जपून वापरतात.

प्रत्येक वेळी नेमकं काय पाहता? आम्हाला तर पडद्यावर नुसते पांढरे-काळे ढग दिसतात.

आधी बाळं ओळखायची. डावं-उजवं किंवा वरचं-खालचं अशी खूण पहिल्याच तपासणीत ठरवतात आणि शेवटपर्यंत तीच ठेवतात. हे किरकोळ वाटेल, पण मागच्या वेळचं पहिलं बाळ या वेळी दुसरं झालं तर वजनांची तुलना निरर्थक होते.

मग पाणी. प्रत्येक पिशवीत पाण्याचा सर्वांत खोल कप्पा शोधून तो सरळ उभा मोजतात. २ ते ८ सेंटिमीटर असेल तर ठीक. मग दोन्ही मूत्राशयं. गर्भाचं पाणी दुसऱ्या तिमाहीपासून बहुतांशी त्याच्या लघवीतूनच बनतं, त्यामुळे ओटीपोटात भरलेलं मूत्राशय, काळा गोल ठिपका, दिसला की जीव भांड्यात पडतो. नाही दिसला तर लगेच निष्कर्ष काढत नाहीत. बाळाने नुकतीच लघवी केलेली असू शकते. आईला बाहेर बसवायचं, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पाहायचं.

त्यानंतर डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून दोघांचं अंदाजे वजन, आणि डॉपलरवर नाळेतला रक्तप्रवाह. साधारण विसाव्या आठवड्यापासून मेंदूतल्या एका धमनीचा वेगही मोजतात, काही ठिकाणी त्याआधीपासून. तो का, हे पुढे टॅप्स नावाच्या आजाराच्या प्रश्नात येईल. एकदा, १८ ते २२ आठवड्यांदरम्यान, अवयवांची सविस्तर तपासणी आणि हृदयाची स्वतंत्र तपासणी होते, कारण एका वारेच्या जुळ्यांत हृदयाचे जन्मजात दोष एकट्या बाळापेक्षा जास्त आढळतात.

टीटीटीएस म्हणजे काय?

पूर्ण नाव ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम. सामाईक वारेतल्या जोड-रक्तवाहिन्यांमधून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जातं आणि तेवढं परत येत नाही. एक वार असलेल्या दर शंभर जोड्यांमागे १० ते १५ जोड्यांत हे होतं.

देणाऱ्या बाळाच्या शरीरात रक्ताचं प्रमाण घटतं, मूत्रपिंडं लघवी आवरती घेतात, पाणी कमी होत जातं. घेणाऱ्याच्या शरीरात रक्त जास्त होतं, ते सारखं लघवी करतं, त्याची पिशवी फुगते आणि जास्तीचं रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं. ऐकताना वाटतं की घेणारं बाळ मजेत असेल. प्रत्यक्षात आधी हृदय निकामी होण्याचा धोका त्यालाच असतो.

सोनोग्राफीत निदानाच्या अटी दोन, आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : एका पिशवीत सर्वांत खोल कप्पा २ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि दुसऱ्या पिशवीत ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त. युरोपात बऱ्याच ठिकाणी वीस आठवड्यांनंतर ८ ऐवजी १० धरतात. वजनातला फरक या अटींमध्ये नाही.

आजार वाढलेला असेल तर एक दृश्य दिसतं जे एकदा पाहिलं की विसरत नाही. देणाऱ्या बाळाच्या पिशवीतलं पाणी इतकं आटतं की मधला पडदा त्याच्या अंगाला घट्ट लपेटला जातो आणि दिसतच नाही. बाळ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून बसतं. आईला कुशीवर वळायला सांगितलं तरी ते खाली येत नाही, वर तसंच लटकून राहतं. शेजारचं बाळ मात्र मोकळ्या पाण्यात हातपाय झाडत असतं. घाईत पाहणाऱ्याला पडदा नाहीच, दोघं एकाच पिशवीत आहेत, असं वाटू शकतं. म्हणून आईला कुशीवर वळवून पाहायचं.

रिपोर्टमध्ये 'स्टेज २' लिहिलंय. किती टप्पे असतात?

पाच. रुबेन क्विंटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेली ही वर्गवारी आजही वापरतात. पहिल्या टप्प्यात फक्त पाण्यातला फरक असतो, दोघांची मूत्राशयं दिसतात. दुसऱ्यात देणाऱ्याचं मूत्राशय दिसत नाही. तिसऱ्यात डॉपलरमध्ये रक्तप्रवाह गंभीर बिघडलेला असतो. चौथ्यात एका बाळाच्या अंगात, बहुधा घेणाऱ्याच्या, पाणी साठून सूज आलेली असते. पाचव्यात एक किंवा दोन्ही बाळं गेलेली असतात.

हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे क्रमाने येतीलच असं नाही. पहिल्या टप्प्यातल्या काही जोड्या तिथेच थांबतात, काही तर सुधारतात. काही मात्र पहिल्यावरून एकदम तिसऱ्यावर जातात. त्यामुळे 'स्टेज १ आहे, काळजी नाही' हे वाक्य मला पटत नाही. पहिल्या टप्प्यात निदान दर आठवड्याला किंवा त्याहून लवकर पाहायला हवं, आणि लेझरने यावर उपचार करणाऱ्या केंद्राशी तेव्हाच बोलून ठेवायला हवं.

पाण्यात फरक आहे, पण टीटीटीएस नाही, असं सांगितलं. मग नक्की काय?

एका पिशवीत ३ सेंटिमीटर आणि दुसरीत ७, असं असेल तर फरक आहे पण दोन्ही आकडे मर्यादेत आहेत. अशा बऱ्याच जोड्या पुढे ठीक राहतात. तपासणी मात्र पंधरा दिवसांऐवजी आठवड्याने करतात.

लेझर म्हणजे बाळांवर शस्त्रक्रिया?

बाळांवर नाही, वारेवर. आईच्या पोटातून दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण घेणाऱ्या बाळाच्या पिशवीत घालतात, कारण पाणी तिथेच असतं. वारेच्या पृष्ठभागावरून दोन्ही नाळांमधल्या जोड-वाहिन्या एकेक शोधून लेझरने बंद करतात. शेवटी जास्तीचं पाणी काढून टाकतात. बहुधा आईला पूर्ण भूल लागत नाही. हे साधारण १६ ते २६ आठवड्यांदरम्यान करतात.

लेझर येण्याआधी फक्त जास्तीचं पाणी पुन्हा पुन्हा सुईने काढत असत. दोन्ही उपचारांची थेट तुलना करणारी युरोपातली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. १४२ स्त्रिया त्यात होत्या. जन्मानंतर २८ दिवसांपर्यंत निदान एक बाळ जगण्याचं प्रमाण लेझर गटात ७६ टक्के होतं, पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के. लेझर गटातल्या बाळांच्या मेंदूला इजाही कमी आढळली. त्यानंतर तंत्र सुधारत गेलं. आता बंद केलेल्या बिंदूंना लेझरच्या रेषेने जोडून वारेचे दोन स्वतंत्र भाग करतात, म्हणजे बारीकशी वाहिनी नजरेतून सुटली तरी तीही बंद होते.

उपचाराचे धोके लपवण्यात अर्थ नाही. पाण्याची पिशवी लवकर फुटणं आणि दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी प्रसूती होणं, हे दोन सर्वांत मोठे. एक किंवा दोन्ही बाळं जाण्याची शक्यताही असते. पण मधल्या महिन्यांतला गंभीर टीटीटीएस तसाच सोडला तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात. निर्णय घेताना तुलना या दोन वाटांची करायची.

टॅप्स हे नाव ऐकलं. तेही टीटीटीएसच का?

नाही, आणि हा जास्त छुपा आहे. जोड-वाहिन्या अगदी बारीक, एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या असतील तर रक्त थेंबाथेंबाने सरकत राहतं. शरीर तेवढं पाणी सांभाळून घेतं, म्हणून दोन्ही पिशव्यांत पाणी नॉर्मल दिसतं. पण लाल पेशी एकीकडे जमत जातात. एक बाळ फिकट, रक्तक्षयाचं, तर दुसऱ्याचं रक्त दाट.

केवळ पाणी आणि वजन पाहणाऱ्या सोनोग्राफीत टॅप्स सापडत नाही. त्यासाठीच मेंदूतल्या धमनीचा डॉपलर. रक्त पातळ असेल तर ते जोरात धावतं, दाट असेल तर संथ. एका बाळाचा वेग त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट किंवा जास्त आणि दुसऱ्याचा ०.८ पट किंवा कमी असेल तर टॅप्स धरतात. कधी वारेचा एक भाग जाड आणि पांढुरका, दुसरा पातळ आणि गडद दिसतो. घेणाऱ्याच्या यकृतात चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर तीही खूण.

आपणहून टॅप्स होण्याचं प्रमाण शंभरात तीन ते पाच. लेझरनंतर एखादी बारीक वाहिनी शिल्लक राहिली तरीही तो होतो, त्यामुळे लेझर झालं म्हणजे डॉपलर संपलं, असं होत नाही. तिसऱ्या तिमाहीतही तो उद्भवू शकतो.

एका बाळाचं वजन बरंच कमी आहे. आईच्या खाण्यात काही कमी पडलं का?

नाही. दोघांना आई तीच, तेच रक्त. फरक वारेच्या वाटणीत असतो. भाऊबंदकीत एकाला तीन एकर आणि दुसऱ्याला बांधालगतची पट्टी मिळावी, तसा वारेचा मोठा हिस्सा एकाकडे गेलेला असतो. लहान बाळाची नाळ बऱ्याचदा वारेच्या मध्यावर नसून कडेला किंवा चक्क पडद्यात शिरलेली दिसते. जास्तीचं दूध-तूप खाऊन ही वाटणी बदलत नाही.

फरक काढायची पद्धत : मोठ्याच्या वजनातून लहानाचं वजा करायचं आणि मोठ्याच्याच वजनाने भागायचं. एक ६०० ग्रॅम, दुसरं ४५० ग्रॅम, तर फरक १५० ग्रॅम, म्हणजे २५ टक्के. २५ टक्के किंवा जास्त फरक आणि लहान बाळ आपल्या आठवड्याच्या मानाने तळच्या दहा टक्क्यांत, असं असेल तर एकाची वाढ खुंटली आहे असं म्हणतात. सोनोग्राफीच्या वजनात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज होते, हेही लक्षात ठेवा. एका आकड्यावर घाबरू नका, दोन-तीन तपासण्यांचा कल पाहा.

पुढचं नाळेच्या डॉपलरवर ठरतं. हृदयाच्या दोन ठोक्यांमध्येही रक्त पुढे वाहत असेल तर पहिला प्रकार, आणि त्यात बहुतेक जोड्या चांगल्या निभावतात. त्या काळात प्रवाह कायमचा थांबत किंवा उलटा होत असेल तर दुसरा, त्यात लहान बाळाची तब्येत ढासळत जाण्याची भीती मोठी. कधी असतो, कधी नाहीसा होतो, पुन्हा येतो, असं एकाच तपासणीत होत असेल तर तिसरा. हा सगळ्यांत बेभरवशाचा. इथे दोन बाळांच्या धमन्या मोठ्या वाहिनीने जोडलेल्या असतात, रिपोर्ट कितीतरी आठवडे स्थिर राहतात आणि मग अचानक लहान बाळ जाऊ शकतं, मोठ्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे तिसरा प्रकार लिहिला असेल तर 'स्थिर आहे' या शब्दावर फार विसंबू नका.

काही बिघडलं तर मला आधी जाणवेल ना?

बहुतेक वेळा नाही. पोट चार-पाच दिवसांत भराभर वाढणं, ताणून टणक होणं, आडवं पडल्यावर दम लागणं, ही घेणाऱ्या बाळाचं पाणी खूप वाढल्याची लक्षणं. ती दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. पाणी जाणं, रक्त जाणं, कळा येणं, हालचाल कमी होणं, यांनाही तोच नियम. पण टॅप्स आणि वाढ खुंटणं यांचा आईला पत्ताही लागत नाही.

दोघं एकाच पिशवीत आहेत, असं कळलं.

एका वारेच्या जोड्यांपैकी सुमारे पाच टक्के अशा असतात. मध्ये पडदा नसल्यामुळे नाळा एकमेकींत गुंततात. डॉपलरमध्ये हा गुंता फार लवकर, बहुतेक सगळ्याच जोड्यांत दिसतो, म्हणून 'नाळा गुंतल्या आहेत' हे वाचून हबकू नका. बाळंतपण मात्र साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत सिझरने करतात, त्याआधी बाळांच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात.

एका बाळाचं हृदयच नाही, असं सांगितलं. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, पण दुर्मिळ. अशा बाळाला स्वतःचं चालतं हृदय नसतं. दुसऱ्या, निरोगी बाळाचं हृदय दोघांना रक्त पुरवतं. डॉपलरमध्ये हृदय नसलेल्या बाळाच्या नाळेतला प्रवाह उलट दिशेने दिसतो, म्हणजे धमनीतून रक्त त्याच्याकडे येत असतं. ते बाळ जगू शकत नाही. निरोगी बाळाचं हृदय थकण्याआधी तो रक्तप्रवाह बंद करायचा का, यावर फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळावर उपचार करणाऱ्या) डॉक्टरांशी लवकर बोलावं लागतं.

एक बाळ पोटातच गेलं तर दुसऱ्याचं काय?

दोन वारा असतील तर दुसरं बाळ बहुधा सुखरूप राहतं. वार एक असेल तर गेलेल्या बाळाच्या शरीरात जिवंत बाळाचं रक्त जोड-वाहिन्यांतून एकदम वाहून जातं. त्यामुळे दुसरं जाण्याचा धोका सुमारे १५ टक्के आणि जगलं तरी मेंदूला इजा होण्याचा धोका सुमारे २५ टक्के.

अशा वेळी घरचे म्हणतात, "लगेच सिझर करा, दुसऱ्याला तरी वाचवा." आई-बाबांची तगमग समजते, पण नुकसान व्हायचं असेल तर ते त्याच क्षणी होऊन गेलेलं असतं. घाईने काढलेल्या बाळाला वर अपुऱ्या दिवसांचा त्रास मिळतो. म्हणून आधी मेंदूतल्या धमनीच्या डॉपलरने रक्तक्षय झाला का ते पाहतात, मग चार ते सहा आठवड्यांनी पोटातल्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय करतात. इजा झाली असेल तर ती दिसायला तेवढा वेळ लागतो.

एनटी स्कॅनमध्येच सांगता येईल का, पुढे त्रास होणार की नाही?

अंदाज येतो, खात्री नाही. बाळांच्या लांबीत १० टक्क्यांहून जास्त किंवा मानेमागच्या पाण्याच्या जाडीत २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नजर जास्त बारीक ठेवतात. पण असा फरक असलेल्या कित्येक जोड्या व्यवस्थित पार पडतात आणि फरक नसलेल्यांनाही पुढे टीटीटीएस होतो. आईच्या रक्तावरची एनआयपीटी चाचणी गुणसूत्रांबद्दल सांगते, वारेतल्या वाहिन्यांबद्दल नाही. ती केली म्हणून पंधरवड्याची सोनोग्राफी टळत नाही.

गर्भाशयाचं तोंड आतून का मोजतात?

जुळ्यांत वेळेआधी कळा येण्याची शक्यता जास्त असते. विसाव्या आठवड्याच्या आसपास योनिमार्गातून मोजलेली लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो धोका आणखी वाढतो.

रिपोर्ट हातात आल्यावर काय शोधायचं?

आधी वार एक की दोन, हे स्पष्ट शब्दांत लिहिलंय का. 'जुळी गर्भधारणा, दोन्ही बाळं ठीक' एवढाच शेरा अपुरा आहे. मग आकडे : दोन्ही पिशव्यांतला सर्वांत खोल कप्पा सेंटिमीटरमध्ये, दोन्ही मूत्राशयं दिसली का, दोन्ही वजनं आणि टक्क्यांत फरक, दोन्ही नाळांचा डॉपलर, विसाव्या आठवड्यानंतर दोघांच्या मेंदूतल्या धमनीचा वेग. 'पाणी पुरेसं' यापेक्षा '४.२ आणि ५.१' जास्त उपयोगाचं, कारण पुढच्या वेळी तुलना आकड्यांशीच होते. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा आणि प्रत्येक वेळी पूर्ण फाइल न्या, फक्त शेवटचा कागद नव्हे.

सगळं सुरळीत असेल तर प्रसूती कधी?

दोन पिशव्या आणि एक वार असलेली, काही गुंतागुंत नसलेली जुळी साधारण छत्तिसाव्या आठवड्यात, काही ठिकाणी सदतिसाव्यापर्यंत थांबून जन्माला आणतात. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर नैसर्गिक प्रसूतीही होऊ शकते. एक वार आहे एवढ्याच कारणासाठी सिझर करावं लागत नाही.

जन्मानंतर काही तपासायचं असतं का?

दोघांचं हिमोग्लोबिन. एक बाळ फिकट आणि दुसरं लालबुंद दिसत असेल तर लगेचच. फरक ८ ग्रॅमहून जास्त निघाला तर टॅप्सचा विचार करतात, आणि तेव्हा एकाला रक्त द्यावं लागू शकतं, तर दुसऱ्याचं दाट रक्त पातळ करावं लागू शकतं. प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा की वार टाकून देऊ नका, तपासायची आहे. ती फॉर्मालिनमध्ये घालण्यापूर्वी ताजी असताना वाहिन्यांत रंग सोडला तर जोड कुठे होते, किती होते, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. नाळा कापताना पहिल्या बाळाच्या नाळेला एक चिमटा आणि दुसऱ्याच्या नाळेला दोन चिमटे लावून ठेवतात, म्हणजे वारेचा कोणता भाग कुणाचा हे नंतर कळतं.